नाव नसलेल्याला हाक कशी मारायची?

आपल्या आज्या-पणज्या नवऱ्याचे नाव घेत नसत. 'अहो' म्हटले की ज्याला वळून बघायचे तो बघायचा. चार जावा एका घरात असल्या, तरी कोणाचे 'अहो' कोणते यात घोटाळा होत नसे. घरात नावाची गरजच पडत नव्हती. पण रेशनकार्डाचा फॉर्म, बँकेचे खाते किंवा पट्टादार पासबुक यांवर 'अहो' चालत नाही. उंबरठा ओलांडला की नाव लागते.

सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेतही असेच एक 'अहो' आहे. त्याला 'ॲनॉनिमस टाइप' म्हणतात. आपण त्याला अनामिक टाइप म्हणू. जिथे तो जन्मतो तिथे त्याचे छान चालते. पण त्याला वेबपानाशी बांधायला, म्हणजे डेटा बाइंडिंगला नेले, की त्याच्या आतल्या किमती बाहेर काढताना नवा प्रोग्रॅमर अडतो. आपल्या भागातली बरीच मुले-मुली बीई किंवा बी.टेक. करून हैदराबाद, पुणे, नागपूरला नोकरीला लागतात. त्यांतल्या अनेकांना पहिल्या वर्षी नवे काही बनवायला मिळत नाही. कुठल्यातरी कचेरीची दहा-पंधरा वर्षांपूर्वीची वेबसाइट दुरुस्त करायला मिळते. तिथे हा प्रश्न हमखास भेटतो, म्हणून आज त्याच्याविषयी सविस्तर लिहितो. ज्यांचा संगणकाशी संबंध नाही त्यांनीही वाचावे. मूळ प्रश्न नावाचा आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे.

आपल्याच गावचे उदाहरण

तलमडुगु मंडल आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबादपासून वेगळे होऊन मराठी मुलखाला जोडले गेले. बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे. शेतात कापूस, सोयाबीन आणि तूर. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि कॉम्प्युटरवर इंग्रजी, असा आपला रोजचा कारभार.

समजा, गावातल्या चार तरुणांनी कापूस खरेदीच्या दिवसांत उपयोगी पडेल असे एक वेबपान बनवायला घेतले. सुंकिडी, कुचलापूर, कज्जर्ला अशा गावांतून आलेल्या गाड्यांची नोंद त्यात करायची. गाव, क्विंटल, ओलावा आणि दर एवढी माहिती. यात ओलावा सर्वांत नाजूक. भारतीय कापूस निगमाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो. ८ ते १२ टक्क्यांच्या मध्ये ओलाव्याप्रमाणे दर कमी होतो. १२ च्या वर गेला की निगम कापूस घेत नाही. तेव्हा १२ च्या वरची ओळ पानावर लाल दिसावी, म्हणजे शेतकऱ्याला गाडी जुंपण्याआधीच कळेल, अशी त्यांची कल्पना.

मूळ नोंदीत वीसेक रकाने आहेत. पानाला लागतात चारच. मग प्रोग्रॅमर लिहितो:

व्हार यादी = आवक.सिलेक्ट(अ => न्यू { अ.गाव, अ.क्विंटल, अ.ओलावा, रक्कम = अ.क्विंटल * अ.दर });

भाषेचे ठरलेले शब्द खऱ्या प्रोग्रॅममध्ये रोमन लिपीतच लिहावे लागतात. इथे वाचायला सोपे जावे म्हणून ते उच्चारानुसार दिले आहेत. मात्र 'गाव', 'ओलावा' ही आपण दिलेली नावे सी शार्पमध्ये खरोखरच देवनागरीत लिहिता येतात. कंपनीत सगळे रोमनच वापरतात, पण घरी एकदा करून बघा. मजा येते.

नाव का दिले नाही?

वरच्या ओळीत 'न्यू' नंतर कुठलेच नाव नाही. एरवी सी शार्पमध्ये वस्तू बनवायची तर आधी तिचा क्लास लिहावा लागतो. त्याला नाव द्यावे लागते, त्याचे गुणधर्म म्हणजे प्रॉपर्टीज मोजून सांगाव्या लागतात. चार रकान्यांच्या एका यादीसाठी एवढा खटाटोप कशाला, हा विचार नोव्हेंबर २००७ मध्ये आलेल्या सी शार्प ३.० मध्ये दिसतो. त्याच वेळी लिंक ही सुविधा आली. डेटामधून हवे तेवढेच निवडून घेण्याची ती पद्धत. सी शार्पची आखणी करणाऱ्या चमूचे प्रमुख होते अँडर्स हेल्सबर्ग. टर्बो पास्कल आणि डेल्फी हीदेखील त्यांचीच, आणि पुढे टाइपस्क्रिप्टही. लिंकमधून दर वेळी वेगळ्या आकाराची यादी बाहेर पडणार, म्हणून नाव न देता तिथल्या तिथे टाइप बनवण्याची सोय केली.

काट्यावर बसलेला माणूस पाठकोऱ्या कागदावर चार आकडे लिहितो, तसाच हा प्रकार. त्या कागदाला छापील फॉर्मचे नाव नसते. काम झाले की तो कागद गेला.

खरे तर कंपायलर गुपचूप एक नाव देतोच. पण ते कोनदार कंसांनी सुरू होते, आणि अशी सुरुवात असलेले नाव आपल्याला प्रोग्रॅममध्ये लिहिता येत नाही. म्हणून 'व्हार' लिहायचे. त्याचा अर्थ 'टाइप कोणता ते तूच ओळख'. हा 'व्हार' जिथे लिहिला त्याच मेथडमध्ये 'यादी'तल्या एकेका वस्तूचा 'ओलावा' सहज वाचता येतो. चुकून 'ओलवा' लिहिले तर कंपायलर तिथेच अडवतो. घरातल्या घरात सगळे ठीक चालले आहे.

उंबरठ्याबाहेर

आता यादी पानाला बांधू. जुन्या एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समध्ये यासाठी रिपीटर, ग्रिडव्ह्यू असे कंट्रोल असतात. यादी त्यांच्या डेटासोर्सला द्यायची आणि डेटाबाइंड म्हणायचे. रिपीटर एकेक वस्तू घेतो आणि एकेक ओळ रंगवतो. ओळ रंगवताना काही वेगळे करायचे असेल, जसा आपला लाल रंग, तर 'आयटम डेटा बाउंड' या घटनेत आपला कोड लिहितात. त्या ओळीची वस्तू तिथे 'डेटाआयटम' म्हणून मिळते.

पण रिपीटर कापसाचाही असतो, पुस्तकांचाही आणि पगाराचाही. त्याला सगळ्यांना सामावून घ्यायचे असते. म्हणून 'डेटाआयटम' हा नुसता 'ऑब्जेक्ट' असतो. ऑब्जेक्ट म्हणजे तोंड शिवलेले पोते. आत माल आपलाच आहे, पण वर चिठ्ठी नाही. एरवी आपण त्याला कास्ट करतो, म्हणजे 'हा अमुक क्लासचा आहे' असे सांगून पोते उघडतो. इथे तो 'अमुक' म्हणजे कोण, तेच लिहिता येत नाही. 'डेटाआयटम.ओलावा' लिहिले तर कंपायलर म्हणतो, ऑब्जेक्टला ओलावा नावाचे काही नसते. त्याच्या जागी तो बरोबरच आहे.

पोते उघडण्याच्या वाटा

पहिली वाट 'इव्हॅल'ची. डेटाबाइंडर.इव्हॅल(डेटाआयटम, "ओलावा") असे लिहायचे. पानाच्या साच्यात तर नुसते इव्हॅल("गाव") पुरते. इव्हॅल टाइपचे नाव विचारत नाही. प्रोग्रॅम चालू असताना तो वस्तूची झडती घेतो आणि या नावाची प्रॉपर्टी आहे का ते बघतो. या झडतीला रिफ्लेक्शन म्हणतात. अनामिक टाइपच्या प्रॉपर्टीज पब्लिक असतात, त्यामुळे त्या सापडतात. बहुतेक वेळा एवढ्यावरच काम भागते. काहीशे ओळींच्या पानाला वेग कमी झाल्याचे जाणवतही नाही.

पण अवतरणचिन्हांतला "ओलावा" हा कंपायलरच्या दृष्टीने नुसता मजकूर आहे. तो तपासला जात नाही. पुढे कोणी लिंकमध्ये 'ओलावा'चे 'आर्द्रता' केले, तर सगळा प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल होतो आणि पान उघडल्यावर कोसळतो. चूक प्रोग्रॅमरच्या टेबलावर दिसत नाही. ती पहाटे गाडी भरून उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर दिसते.

दुसरी वाट 'डायनॅमिक'ची. २०१० मध्ये सी शार्प ४.० बरोबर हा शब्द आला. डायनॅमिक व = डेटाआयटम असे लिहिले की पुढे सरळ व.ओलावा म्हणता येते. वाचायला हे इव्हॅलपेक्षा नेटके. मात्र तपासणी इथेही प्रोग्रॅम चालतानाच होते, म्हणजे स्पेलिंगच्या चुकीचा धोका तेवढाच. शिवाय यात एक आडवाट आहे, तिच्याकडे पुढे येतो.

तिसरी वाट नमुना दाखवण्याची. एकाच असेंब्लीत, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या एकाच डीएलएल फाइलमध्ये, दोन ठिकाणी तीच नावे, तेच प्रकार आणि तोच क्रम असलेले अनामिक टाइप लिहिले, तर कंपायलर दोन्हींसाठी एकच टाइप बनवतो. म्हणून एक छोटी जेनेरिक मेथड लिहून तिला रिकामा नमुना दाखवायचा आणि म्हणायचे, 'हे पोते या नमुन्यासारखे उघड.' युक्ती हुशारीची आहे. पण कोणी नंतर रकान्यांचा क्रम बदलला की ती मोडते. मुलाखतीत सांगायला छान, कामाच्या ठिकाणी शक्यतो टाळावी.

चौथी वाट मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात पोते उघडावेच लागत नाही. जो हिशेब करायचा तो घरातच उरकायचा. लिंकमध्येच लिहायचे: रंग = अ.ओलावा > १२ ? "लाल" : "हिरवा". तिथे सगळे टाइप माहीत असतात आणि कंपायलर प्रत्येक अक्षर तपासतो. मग पानाने फक्त रंग छापायचा. आयटम डेटा बाउंडमध्ये कोड लिहिण्याआधी हे जमते का, ते जरूर बघा.

पाचवी वाट सरळ आहे. क्लास लिहा, नाव द्या. 'आवकओळ' नावाचा चार प्रॉपर्टीजचा क्लास लिहायला दोन मिनिटे लागतात. २०१२ च्या एएसपी डॉट नेट ४.५ पासून रिपीटरला 'आयटमटाइप' सांगता येतो, आणि मग साच्यात सरळ आयटम.ओलावा लिहिता येते. चुकीचे नाव लिहिले तर ते आधीच पकडले जाते. अनामिक टाइपला ही सोय मिळत नाही, कारण आयटमटाइपमध्ये लिहायला त्याला नावच नाही.

सीमेवरची गंमत

आता ती आडवाट. अनामिक टाइप नेहमी 'इंटर्नल' असतो, म्हणजे त्याची ओळख त्याच्या असेंब्लीपुरतीच असते. वेब ॲप्लिकेशन प्रकारच्या प्रोजेक्टमध्ये मागचा कोड एका डीएलएलमध्ये जातो आणि पानाचा साचा वेगळ्या असेंब्लीत कंपाइल होतो. म्हणून मागच्या कोडमध्ये डायनॅमिक चालतो, पण तेच वाक्य साच्यात लिहिले की चूक येते. 'ऑब्जेक्टमध्ये ओलावा नाही' असे ऐकवले जाते. डिबगरमध्ये बघावे तर ओलावा समोर दिसत असतो. डायनॅमिक फक्त झडती घेत नाही, 'मला हे बघायचा अधिकार आहे का' हेही विचारतो. सीमेपलीकडच्या इंटर्नल टाइपवर त्याचा अधिकार नसतो. इव्हॅल हा प्रश्न विचारत नाही, म्हणून तो साच्यातही चालतो. कंट्रोलरमधून रेझर व्ह्यूला अनामिक वस्तू पाठवताना अनेकजण अडखळतात, तेही अशाच दोन असेंब्लींमुळे.

आणि दोन असेंब्लींत हुबेहूब सारखे अनामिक टाइप असले, तरी ते दोन वेगळे टाइप मानले जातात. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या ज्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांचाही दावा आहे, तिथल्या लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आणि मतदार ओळखपत्रे आहेत. माणूस एकच, रकानेही जवळपास तेच. पण चंद्रपूरचे दप्तर त्याला वेगळा मोजते आणि आसिफाबादचे वेगळा. आपल्या गावाचे नावसुद्धा इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळते, 'टी' पुढे 'एच' घालून आणि न घालता. आपल्याला दोन्ही एकच, संगणकाला नाहीत. सीमा ओलांडायची असेल तर दोन्ही बाजूंना मान्य असे एकच ठरलेले नाव हवे. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी पब्लिक क्लास असतो.

ओलावा शून्य?

एक सापळा मात्र आवर्जून सांगायला हवा. इव्हॅल जे परत देतो तेही ऑब्जेक्टच असते. त्याची १२ शी तुलना करायला त्याचा आकडा करावा लागतो. त्यासाठी बरेचजण कन्व्हर्ट.टूडेसिमल वापरतात. समजा एखाद्या गाडीचा ओलावा अजून मोजलाच नाही, म्हणजे किंमत 'नल' आहे. कन्व्हर्ट.टूडेसिमल नलचा शून्य करतो. कुठलीही चूक दाखवली जात नाही. शून्य हा १२ पेक्षा कमी, म्हणून ओळ हिरवी. न मोजलेला कापूस पानावर सर्वांत कोरडा ठरतो! ते बघून शेतकरी गाडी घेऊन निघाला आणि यार्डात मीटर १४ दाखवू लागला, तर त्याचे भाडे आणि दिवस दोन्ही गेले.

नावाचा क्लास लिहिला की 'ओलावा'चा प्रकार आपल्या हाताने लिहावा लागतो. डेसिमल की पुढे प्रश्नचिन्ह असलेला डेसिमल, म्हणजे 'कदाचित रिकामा', हे ठरवावे लागते. ते प्रश्नचिन्ह लिहिताना मनात प्रश्न उभा राहतो की मोजला नसेल तर काय दाखवायचे? क्लास आपोआप वाचवत नाही. रिकामी किंमत १२ पेक्षा मोठी आहे का, असे विचारले तर सी शार्प 'नाही' म्हणतो आणि ओळ पुन्हा हिरवीच होते. चौथ्या वाटेवर लिंकमध्ये रंग ठरवतानाही हेच घडते. म्हणून 'मोजले नाही' यासाठी तिसरा, करडा रंग ठेवावा. पण हा विचार करायला भाग पाडणारी जागा नावाच्या क्लासमध्ये समोर असते, अनामिकात ती झाकलेली राहते.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. आयटम डेटा बाउंड ही घटना शीर्षकाच्या आणि तळाच्या ओळीसाठीही घडते. तिथे डेटाआयटम नल असतो, म्हणून ओळीचा प्रकार आधी तपासावा. आणि अनामिक वस्तूच्या किमती एकदा भरल्यावर बदलता येत नाहीत. दाखवायच्या यादीला ती उत्तम, दुरुस्तीच्या फॉर्मला नाही.

आजच्या कामात

'वेब फॉर्म्स आता कोण वापरतो?' असे कॉलेजातली मुले विचारतील. नव्या डॉट नेटमध्ये वेब फॉर्म्स नाहीत हे खरे, पण जुनी फ्रेमवर्क अजून विंडोजवर चालते आणि तिच्यावरच्या साइट्सही चालतात. शिवाय हा प्रश्न फक्त नव्या कपड्यांत फिरतो आहे. आज कंट्रोलर अनामिक वस्तू जेसन करून पाठवतो आणि ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तिच्यातून किमती काढते. एएसपी डॉट नेट कोअर जेसन बनवताना प्रॉपर्टीचे पहिले रोमन अक्षर आपोआप लहान करतो. आपण मोठ्या अक्षराने मागितले तर जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही. 'अनडिफाइंड' देते आणि रकाना रिकामा राहतो. म्हणूनच मोठी कामे जावास्क्रिप्टऐवजी टाइपस्क्रिप्टमध्ये करण्याकडे कल वाढला. तिथे वस्तूचा आकार नाव देऊन सांगता येतो.

अनामिकाऐवजी टपल वापरू, असे कोणाला वाटेल. २०१७ च्या सी शार्प ७.० मधल्या टपलमध्ये रकान्यांना नावे देता येतात. पण प्रोग्रॅम चालताना ती नावे उरत नाहीत. उरतात फक्त आयटम१, आयटम२, आणि तीही प्रॉपर्टीज नव्हेत, फील्ड्स. इव्हॅलला त्यातले काहीच सापडत नाही. त्यापेक्षा २०२० च्या सी शार्प ९.० मधला 'रेकॉर्ड' बरा. एका ओळीत नावासकट टाइप तयार होतो, त्यामुळे 'क्लास लिहायचा कंटाळा' ही सबब आता उरलेली नाही.

सारांश एवढाच. वस्तू ज्या मेथडमध्ये जन्मली तिथेच संपणार असेल, तर अनामिक टाइप खुशाल वापरा. ती फक्त पानावर छापायची असेल, तर इव्हॅल चालेल, आणि सगळे हिशेब आधीच उरकून ठेवा. तिच्यावर पुढे कोणाचा निर्णय अवलंबून असेल, किंवा ती दुसऱ्या असेंब्लीत जाणार असेल, तर नाव द्या.

व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती विद्यार्थ्यांना फुकट मिळते. दिवाळीच्या सुट्टीत दहा ओळींची यादी घेऊन या वाटा एकेक करून बघा. एका ओळीत ओलावा मुद्दाम रिकामा ठेवा आणि ती ओळ कोणत्या रंगात येते ते बघा.